पीसीओएसवरील वनौषधी : उंदरांवरचे यश आणि अपुरी राहिलेली परीक्षा

स्त्रियांमधील पीसीओएस या विकारावर अमुक एका वनस्पतीचा अर्क गुणकारी ठरल्याचे निष्कर्ष गेली सुमारे दोन दशके भारत, इराण, चीन आणि तुर्कस्तानातील प्रयोगशाळांतून सातत्याने प्रसिद्ध होत आहेत. कोरफड, मेथी, दालचिनी, शतावरी, निर्गुडी, ज्येष्ठमध, गोखरू अशी ही यादी वर्षागणिक लांबत चालली आहे. यांतील बहुसंख्य निष्कर्ष पांढऱ्या उंदरांवर केलेल्या प्रयोगांचे आहेत. औषधाच्या डबीवर किंवा जाहिरातीत ते अवतरतात तेव्हा मात्र उंदीर वाटेतच गळून पडतो आणि ‘संशोधनाने सिद्ध’ एवढेच शब्द उरतात. त्यामुळे प्रयोगशाळेतील पिंजऱ्यात नेमके काय सिद्ध झाले, हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, या विकाराचे पहिले आधुनिक वर्णन शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेंथल या वैद्यकद्वयाने १९३५ मध्ये केले. अनियमित किंवा दीर्घकाळ न येणारी मासिक पाळी, शरीरातील पुरुष-संप्रेरकांचे वाढलेले प्रमाण, त्यामुळे चेहऱ्यावर उगवणारे केस व मुरुमे, आणि सोनोग्राफीत दिसणारी, असंख्य लहान पुटके असलेली अंडाशये ही त्याची प्रमुख लक्षणे होत. या पुटकांना गाठी म्हणण्याची चूक विकाराच्या नावातच शिरली आहे. प्रत्यक्षात त्या गाठी नसतात. पूर्ण वाढ न होता मध्येच थांबलेल्या बीजांची ती घरटी असतात. अनेक रुग्णांचे शरीर इन्शुलिनला पुरेशी दाद देत नाही. रक्तात वाढलेले इन्शुलिन अंडाशयाला आणखी पुरुष-संप्रेरके तयार करण्यास भाग पाडते आणि हे चक्र स्वतःलाच पोसत राहते.

हा विकार किती स्त्रियांना आहे, याचे उत्तर कोणते निकष लावले यावर अवलंबून असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशाच्या निरनिराळ्या विभागांतील १८ ते ४० वर्षे वयाच्या ९,८२४ स्त्रियांची पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रॉटरडॅम येथे २००३ साली ठरलेल्या निकषांनुसार त्यांपैकी १९.६ टक्के स्त्रियांमध्ये हा विकार आढळला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे जुने व अधिक कडक निकष लावले असता हेच प्रमाण ७.२ टक्क्यांवर आले. मुंबईतील १५ ते २४ वर्षे वयोगटातील मुलींच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रॉटरडॅम निकषांनुसार ते २२.५ टक्के होते. निकषांविषयी मतभेद असले तरी ही संख्या कोट्यवधींच्या घरात जाते, याविषयी दुमत नाही.

या स्त्रियांपुढे असलेले उपचार उपयुक्त आहेत. पण विकार मुळासकट काढून टाकणारा उपचार त्यांत नाही. आहार-व्यायाम व वजन नियंत्रण, पाळी नियमित ठेवण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या, इन्शुलिनच्या तक्रारीसाठी मेटफॉर्मिन आणि मूल हवे असल्यास बीज बाहेर पडावे म्हणून लेट्रोझोल, असे त्यांचे ढोबळ स्वरूप आहे. गोळ्या थांबवल्या की पाळी पुन्हा लांबते, हा अनेकींचा अनुभव असतो. अविवाहित मुलीला गर्भनिरोधक गोळी देण्यास घरातील वडीलधारी मंडळी कचरतात, हेही वास्तव आहे. अशा वेळी ‘झाडपाल्याचे, म्हणजे निर्धोक’ या समजुतीकडे कुटुंबे वळली तर त्यात नवल नाही. त्यांची गरज खरी आहे. तिला मिळणारे उत्तर किती खरे आहे, एवढाच प्रश्न आहे.

उंदरांना पीसीओएस निसर्गतः होत नाही. तो घडवावा लागतो. त्यासाठी भारतीय प्रयोगशाळांत मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी पद्धत लेट्रोझोलची आहे. शरीरातील पुरुष-संप्रेरकांचे रूपांतर स्त्री-संप्रेरकांत करणारे अरोमॅटेज नावाचे विकर हे औषध रोखून धरते. २००४ मध्ये तुर्कस्तानातील संशोधकांनी उंदराच्या माद्यांना २१ दिवस लेट्रोझोल देऊन त्यांच्या अंडाशयांत पीसीओएससदृश बदल घडवून आणले. टेस्टोस्टेरॉन वाढले, बीज बाहेर पडणे थांबले, अंडाशयात द्रवाने भरलेली पुटके साचली. पद्धत स्वस्त, सोपी आणि तीन आठवड्यांत फळ देणारी असल्याने ती झपाट्याने पसरली. डीएचईए हे संप्रेरक टोचणे, एस्ट्रॅडिओल व्हॅलरेटचे इंजेक्शन देणे किंवा डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनची गोळी त्वचेखाली बसवणे, असेही मार्ग आहेत. मात्र प्रत्येक मार्गाने घडणारा विकार वेगळा असतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनी २००७ मध्ये दोन पद्धतींची तुलना केली. लेट्रोझोल दिलेल्या माद्यांची अंडाशये मानवी रुग्णांच्या अंडाशयांशी विलक्षण मिळतीजुळती झाली, पण इन्शुलिनला दाद न देण्याचा दोष त्यांच्यात दिसला नाही. तो दिसला डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन दिलेल्या माद्यांमध्ये. म्हणजे एका पिंजऱ्यात विकाराचा एक तुकडा आणि दुसऱ्या पिंजऱ्यात दुसरा, असा हा प्रकार आहे.

त्यानंतर वनस्पतीचा अर्क दिला जातो. उंदराच्या मादीचे ऋतुचक्र अवघ्या चार-पाच दिवसांचे असते आणि योनिमार्गातील पेशी रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याची अवस्था ओळखता येते. प्रयोगाअंती प्राण्यांना मारून अंडाशयांचे पातळ काप तपासले जातात. वडोदरा येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठातील संशोधकांनी कोरफडीच्या गरावर केलेले काम या प्रकारच्या प्रयोगांचा चांगला नमुना आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लेट्रोझोल दिलेल्या माद्यांना कोरफडीचा गर दिला असता त्यांचे ऋतुचक्र आणि संप्रेरके घडविणाऱ्या विकरांचे कार्य पूर्वपदाकडे आल्याचे दिसले. संशोधकांनी या परिणामाला संरक्षक परिणाम म्हटले. हा शब्द नेमका आहे. त्याचा पुढे होणारा वापर तेवढा नेमका राहिलेला नाही.

कारण विकार जडत असतानाच किंवा नुकताच जडला असताना दिलेले औषध आणि दहा वर्षे विकार अंगात मुरलेल्या स्त्रीला दिलेले औषध, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दवाखान्यात येणारी स्त्री विकार होण्याआधी येत नाही. शिवाय लेट्रोझोल आणि अर्क एकाच वेळी पोटात गेले, तर त्या अर्काने अंडाशय सुधारले की यकृताला लेट्रोझोल लवकर निकालात काढण्यास मदत केली, हे रक्तातील लेट्रोझोल मोजल्याशिवाय सांगता येत नाही. अर्क नंतर दिला, तरी वेगळीच अडचण उभी राहते. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की, वयात येणाऱ्या उंदरांना दिलेले लेट्रोझोल थांबवल्यावर काही आठवड्यांत प्रजननाशी संबंधित बिघाड आपोआप ओसरू लागतो. ज्या प्रयोगात लेट्रोझोल थांबवून काहीही न दिलेल्या माद्यांचा गट तेवढेच दिवस पाळून पाहिलेला नाही, त्यात वनस्पतीला मिळालेले श्रेय निव्वळ दिवस उलटल्याचेही असू शकते.

या साऱ्यात एक विरोधाभास दडलेला आहे. ज्या लेट्रोझोलने उंदरात हा विकार उत्पन्न केला जातो, तेच औषध पीसीओएस असलेल्या स्त्रियांना गर्भधारणेसाठी दिले जाते. स्त्रीला ते पाळीच्या सुरुवातीचे पाच दिवस मिळते, उंदराला तीन आठवडे अखंड. म्हणून परिणाम उलटे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ७५० स्त्रियांच्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के, तर क्लोमिफेन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी लेट्रोझोलच्या वापरावर बंदी घालण्यात आली होती. पुढे ती उठली. विकार उत्पन्न करणारे आणि त्यावर उतारा असणारे औषध एकच असू शकते, याचा अर्थ मात्रा, कालावधी आणि प्राणी यांतील फरक हा तपशिलाचा मुद्दा नव्हे, तो मुख्य मुद्दा आहे.

प्राण्यातील फरकही कमी नाही. उंदराची मादी एका वेळी दहा-बारा बीजे सोडते, स्त्री बहुधा एकच. उंदराला मासिक पाळी नसते. रक्तातील पुरुष-संप्रेरकांना बांधून ठेवणारे जे प्रथिन स्त्रियांच्या बाबतीत निदानासाठी मोजले जाते, ते प्रौढ उंदरांच्या रक्तात जवळजवळ नसतेच. मात्रेचे गणितही सरळ नाही. उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला असे समजू. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये सुचवलेल्या पद्धतीनुसार माणसासाठी त्या आकड्याला ६.२ ने भागावे लागते. ६० किलो वजनाच्या स्त्रीसाठी ही मात्रा रोज सुमारे ३.९ ग्रॅम अर्काची होते. दहा भाग वाळलेल्या वनस्पतीपासून एक भाग अर्क निघत असेल, तर ती ३९ ग्रॅम वनस्पती झाली. बाजारातील अर्ध्या ग्रॅमच्या दोन गोळ्यांशी त्या प्रयोगाचा फारसा संबंध उरत नाही.

आणि ती वनस्पती कोणती? स्त्रीरोगांवर पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या जाणाऱ्या अशोकाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. महाराष्ट्रातील शहरांत रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ज्या उंच, सरळसोट झाडाला सर्रास अशोक म्हटले जाते, तो खरा अशोक नव्हे, तो आसुपालव. तांबूस-केशरी फुलांचा खरा अशोक सह्याद्रीच्या दमट रानांत वाढतो आणि तो आता दुर्मिळ होत चालला आहे. अशोकाच्या सालीत आसुपालवाच्या सालीची भेसळ होते, हे वनौषधींच्या अभ्यासकांनी वारंवार नोंदवले आहे. प्रयोगशाळेत वनस्पतिशास्त्रज्ञाने ओळख पटवलेली साल आणि बाजारातील चूर्ण यांच्यातील अंतर कधीकधी दोन वृक्षांच्या जातींइतके असते.

असे असूनही उंदरावरील प्रयोग निरर्थक आहेत, असे म्हणता येत नाही. योग्य वाट मिळाली तर ते माणसापर्यंत पोहोचतात. पुदिन्याचे उदाहरण त्यासाठी पाहण्याजोगे आहे. तुर्कस्तानातील इस्पार्टा येथील संशोधकांनी २००४ मध्ये पुदिन्याच्या चहाने नर उंदरांतील टेस्टोस्टेरॉन घटत असल्याचे दाखवले. त्यांच्या वृषणांच्या ऊतींत बिघाड झाल्याचेही नोंदवले. जी गोष्ट नरासाठी हानी, ती अतिरिक्त पुरुष-संप्रेरकांनी त्रस्त स्त्रीसाठी लाभ ठरू शकेल, असा विचार करून २००७ मध्ये तिथेच अंगावर जास्त केस असलेल्या २१ स्त्रियांना पाच दिवस हा चहा देण्यात आला. त्यांच्या रक्तातील मुक्त टेस्टोस्टेरॉन घटले. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये ४२ स्त्रियांवर ३० दिवसांची, दुसऱ्या वनस्पतीच्या चहाशी तुलना करणारी चाचणी झाली. संप्रेरके पुन्हा घटली; पण डॉक्टरांनी मोजलेल्या केसांच्या वाढीत फरक पडला नाही. कदाचित ३० दिवस अपुरे असतील. तरीही रक्ताच्या अहवालात दिसणारा गुण आरशात दिसेलच असे नाही, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

ज्येष्ठमधाबाबत इटलीतील संशोधकांनी २००४ मध्ये नऊ निरोगी स्त्रियांना रोज साडेतीन ग्रॅम ज्येष्ठमध देऊन टेस्टोस्टेरॉन घटल्याचे नोंदवले. त्या रुग्ण नव्हत्या आणि नऊच होत्या. ज्येष्ठमध जास्त काळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते, ही बाब जाहिरातीत क्वचितच येते. मेथीच्या बियांच्या अर्काची ५० भारतीय स्त्रियांवरील ९० दिवसांची चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ७१ टक्के स्त्रियांची पाळी नियमित झाली, १२ टक्के गर्भवती राहिल्या, असे तिचे आकडे आहेत. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पीसीओएसमध्ये पाळी कधी आपसूक सुधारते, कधी बिघडते. आणि रुग्ण चाचणीत दाखल होतात ते बहुधा त्रास शिगेला पोहोचलेला असताना. त्यामुळे तुलनेचा गट नसलेला असा आकडा कितीही आकर्षक असला तरी त्याचा कस लागलेला नसतो.

कस लागला तो बर्बेरिन या द्रव्याचा. दारुहळदीच्या मुळांत व खोडात आढळणारे हे पिवळे द्रव्य प्राण्यांवरील प्रयोगांत इन्शुलिनचे कार्य सुधारणारे म्हणून गाजले होते. चीनमधील हार्बिन येथील पारंपरिक वैद्यक विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली पीसीओएसमुळे मूल न होणाऱ्या ६४४ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट करण्यात आले. एका गटाला लेट्रोझोल, दुसऱ्याला बर्बेरिन, तिसऱ्याला दोन्ही. ज्यांना एकच औषध होते त्यांना दुसऱ्याची हुबेहूब दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देण्यात आली. २०१६ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. जिवंत मूल होण्याचे प्रमाण लेट्रोझोलच्या गटात ३६ टक्के, दोन्ही घेणाऱ्यांत ३४ टक्के आणि केवळ बर्बेरिन घेणाऱ्यांत २२ टक्के होते. वनस्पतिजन्य द्रव्याने लेट्रोझोलची बरोबरी केली नाही आणि त्याच्या जोडीला दिल्याने भरही घातली नाही. पुढल्याच वर्षी चीनमध्येच एक हजार स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, उंदरांवर परिणामकारक दिसलेले अ‍ॅक्युपंक्चरही जिवंत मूल होण्याचे प्रमाण वाढवण्यात अपयशी ठरले. पारंपरिक वैद्यकाचा अभिमान बाळगणाऱ्या देशाने स्वतःच्या औषधांविरुद्ध जाणारे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ही गोष्ट निष्कर्षांइतकीच महत्त्वाची मानावी लागेल.

भारतातील चित्र वेगळे आहे. उंदरांवरील नव्या प्रयोगांना तोटा नाही. एका पदव्युत्तर प्रबंधाच्या मुदतीत आणि मर्यादित खर्चात ते पूर्ण होतात. स्त्रियांवरील मोठ्या चाचणीला अनेक वर्षे, अनेक रुग्णालये आणि मोठा निधी लागतो. मध्येच राहिलेली ही दरी जाहिरात भरून काढते. वास्तविक १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने मासिक पाळीचे विकार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीस मनाई केलेली आहे. तरीही ‘पाळी नियमित करा’ अशा मजकुराची सरबत्ती चालू आहे.

याची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. पाळी महिनोन्‌महिने न आल्यास गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. मधुमेह तर नकळत शिरतो. चूर्णावर विसंबून दोन-तीन वर्षे तपासणी लांबवणाऱ्या मुलीला हे कोणी सांगत नाही. दुसरा धोका त्याहून कमी चर्चिला जातो. ज्या स्त्रीची पाळी एरवीही तीन-तीन महिने येत नाही, तिला गर्भ राहिल्याचे उशिरा कळते, आणि तोवर ती अर्क घेतच असते. गर्भावर होणाऱ्या परिणामांची तपासणी यांतील फारच थोड्या वनस्पतींची झालेली आहे.

ही मोठी चाचणी कोणी करावी, हा प्रश्न शेवटी पैशापाशी येऊन थांबतो. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट, डॉ. रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक असताना परिषदेने दिलेल्या लढ्यामुळे १९९७ मध्ये रद्द झाले. त्यानंतर २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा अंकीय ग्रंथसंग्रह उभारण्यात आला. परंपरेची लूट त्यामुळे थांबली, हे योग्यच झाले. पण ज्या वनस्पतीच्या ज्ञात उपयोगावर कोणाला पेटंट घेता येत नाही, तिच्या चाचणीवर कोट्यवधी रुपये घालण्यात खासगी कंपनीला स्वारस्य राहत नाही, ही त्याच निर्णयाची दुसरी बाजू आहे. जे ज्ञान सर्वांचे म्हणून राखले गेले, त्याची परीक्षाही सार्वजनिक पैशातूनच व्हावी लागेल. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान संशोधन परिषदेची रुग्णालये अनेक राज्यांत आहेत. पीसीओएसचे काटेकोर निदान करणारी पथके वैद्यकीय संशोधन परिषदेने देशाच्या निरनिराळ्या भागांत एकदा उभी करून दाखवली आहेत. हार्बिनच्या चाचणीला ६४४ स्त्रिया पुरल्या होत्या. भारतातील पाहणीत ही पथके ९,८२४ स्त्रियांपर्यंत पोहोचली होती.